तिला दोडका आवडत नाही

आमच्या घराची पाहणी करायला समाजसेविका बाई आल्या, तेव्हा माझे सासरे ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून ते उठले आणि म्हणाले, "या, बसा. घर तुमचंच हाय." बाईंनी मात्र बसायच्या आधी न्हाणीघर पाहिलं, जिन्याला कठडा आहे का ते पाहिलं, गॅसची टाकी कुठे ठेवतो ते पाहिलं. मग चहा घेताना माझ्या नवऱ्याला विचारलं, "घरात भांडण झालं तर काय करता?"

नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत वेल्डर आहे. बनवून सांगणं त्याला जमत नाही. "मी गप्प बसतो," तो म्हणाला, "आणि ही बोलते."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, आता आपल्याला कसलं मूल मिळतंय.

शिरूरला मी शाळांचे गणवेश शिवते. एकदा एका बालगृहातल्या मुलींची मापं घ्यायला गेले होते. एक मुलगी हळूच म्हणाली, "मला खिसा पाहिजे." "काय ठेवणार त्यात?" विचारलं, तर म्हणाली, "अजून काही नाही." मी खिसा लावून दिला, पण ते शब्द काही डोक्यातून गेले नाहीत. तिथल्याच एका ताईंनी मला सांगितलं की, काही मुलांना आईबाप असतात, पण आजारपणामुळे किंवा अडचणीमुळे त्यांना घरी ठेवता येत नाही. अशी मुलं काही काळ दुसऱ्या घरी राहू शकतात. दत्तक नाही, त्यांच्या घरची घडी बसेपर्यंत सांभाळायचं आणि परत द्यायचं. आमचा मुलगा नाशिकला शिकायला गेला होता, त्याची खोली रिकामीच होती. नवरा दोन दिवस विचार करून हो म्हणाला. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फक्त एवढंच विचारलं, "जेवताना बडबड करणारं असंल ना? ह्या घरात कोण बोलतच न्हाई."

मग पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, प्रशिक्षण, बालकल्याण समितीपुढं मुलाखत. आप्पा एसटीत कंडक्टर होते. म्हणाले, "येवढं तर मला नोकरी देताना बी विचारलं न्हवतं."

अखेर ती आली. नऊ वर्षांची, बारीक, दोन घट्ट वेण्या. तिची आई दौंडची. वडील नव्हते, आईचा क्षय बळावला होता आणि दवाखान्यात बरेच महिने जाणार होते. मुलीनं चपला भिंतीला समांतर लावल्या आणि मला विचारलं, "मॅडम, पाणी पिऊ का?"

पहिले तीन आठवडे ती अशीच होती. पहाटे उठून आपलं अंथरूण घडी करायची, मग आमची. नवरा दुसरी पाळी करून मध्यरात्री येऊन झोपलेला असला तरी त्याच्या अंगावरची चादर निघून घडी होऊन जायची. तो बिचारा कुडकुडत उठायचा. कोणती भाजी आवडते विचारलं की, "सगळ्या." कुठला रंग आवडतो? "कोणताही." बडबडीची वाट पाहणारे आप्पा हिरमुसले.

समाजसेविका बाई दर आठवड्याला फोन करायच्या. "काही मागितलं का तिनं? हट्ट केला का?"

"नाही हो, फार गुणी आहे."

"गुणी नाही, घाबरलेली आहे," त्या म्हणाल्या. "वाट बघा."

आणि एका मंगळवारी ताटात दोडका पाहून तिनं हातातला घास खाली ठेवला. मग खाली बघत म्हणाली, "मला दोडका नाही आवडत."

सगळे थांबले. तिला वाटलं आता ओरडा बसणार. आप्पांनी आपल्या ताटातला दोडका बाजूला सारला आणि म्हणाले, "मला बी न्हाई आवडत. चाळीस वर्षं खातोय." नवरा चप्पल घालून बाहेर गेला आणि पाव किलो जिलेबी घेऊन आला. तिला काहीच कळेना. पण जिलेबी तिनं चार खाल्ल्या आणि पाचवी मागून घेतली.

त्यानंतर जी सुरुवात झाली! वेणी नको, पोनी पाहिजे. दुधात साय नको. मला ती काकू म्हणू लागली. एकदा सर्दी झाली असताना मी बाजारात जाऊ दिलं नाही, तर खोलीचं दार आपटलं. मी लगेच बाईंना फोन लावला. "मॅडम, आज दार आपटलं तिनं."

"किती जोरात?"

"कडी निघाली."

"अभिनंदन," बाई म्हणाल्या.

गल्लीतल्या बायका विचारायच्या, "इतकं करून काय, उद्या जाणारच ना ती?" आप्पा म्हणाले, "जाणार हाय म्हणूनच नीट ठिवायची. आईनं बघितल्यावर काय म्हणंल?"

आईला भेटायचा दिवस आला तेव्हा मला खरं तर जायचंच नव्हतं. पोर आपल्याला विसरेल की काय, ही भीती आईच्या ऐवजी मलाच वाटत होती. कार्यालयातल्या बाकावर एक हडकुळी बाई बसली होती. मुलगी धावत तिच्या कुशीत शिरली आणि मी उगाच खिडकीतून बाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं आईनं तिच्या फ्रॉकची शिवण उलटून पाहिली. म्हणाली, "ताई, तुमी लई चांगलं ठेवलं हिला. आता माज्याकडं करमायचं न्हाई हिला."

मी म्हटलं, "सगळं खाते. फक्त दोडका खात नाही."

"अगं बया," ती हसायला लागली. "बारकी व्हती तवापासनं थुकून देती. तुमच्याकडं खाल्ला का काय?"

"तीन आठवडे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हसणं चालूच होतं. मग आम्ही दोघी तासभर त्या मुलीच्या खोड्यांवर बोललो. मुलगी मध्येच वैतागून म्हणाली, "मी इथंच बसलेय."

वर्ष भरायच्या आत आई बरी झाली. दौंडला स्टेशनजवळच्या खानावळीत पोळ्या लाटायचं काम लागलं, जवळच खोली मिळाली. समितीनं मुलीला घरी पाठवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी रडायची तयारी ठेवली होती, पण वेळच मिळाला नाही. कुठली पिशवी कोण धरणार यावरून तिचं आणि आप्पांचं भांडण चाललं होतं. एसटीत वाटेतलं न्हावरं गाव येईपर्यंत ते पुरलं. पुढे उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे एसटी सरपटत राहिली आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तेव्हा मी थोडं रडून घेतलं. दौंडला उतरल्यावर आईनं आम्हा सगळ्यांना गरम पोळ्या वाढल्या.

घरी परतल्यावर मी आठवडाभर रोज दोडकाच आणला. शनिवारी नवरा म्हणाला, "आता बास कर."

पण ती काही कायमची गेली नाही. मे महिन्यात आईनंच फोन केला, "ताई, पंधरा दिवस पाठवू का?" ती आली, सायकल शिकली, दोन्ही गुडघे फोडून घेतले. तिला न्यायला आई आली, तीही दोन दिवस राहिली. आप्पांनी तिचं माहेर विचारलं, तर त्यांच्या जुन्या रूटवरचंच गाव निघालं. मग काय, त्या दोघांच्या गप्पांत आम्हाला बोलायला सवडच मिळाली नाही.

गेल्या महिन्यात समाजसेविका बाईंचा पुन्हा फोन आला. दोन बहिणी आहेत, सहा आणि चार वर्षांच्या, घ्याल का? नवऱ्यानं दुसरा पलंग वेल्ड करायला घेतला, तेच त्याचं उत्तर.

कालच त्या आल्या. थोरलीनं घर फिरून पाहिलं आणि खिडकीजवळची जागा पकडली. धाकटी आज सकाळपासून माझ्या शिलाई मशीनखाली जाऊन बसली आहे, बाहेर यायला तयार नाही. मी काम बंद ठेवलंय. आप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसून शेंगा फोडतायत आणि एकेक दाणा मशीनखाली सरकवतायत. आतापर्यंतचे सगळे तिनं खाल्लेत.