अल्सीदमामाचं फाटक

अल्सीदमामा राहायचा सेंट रेमीत आणि कामाला शेजारच्या गावच्या रिसायकलिंग केंद्रावर. दोन्ही गावं तिथंच बाटल्या, डबे, पुठ्ठे आणून टाकायची आणि खर्च वाटून घ्यायची. बावीस वर्षं फाटक मामानंच उघडलं.

मग शेजारच्या गावानं माणशी दर वाढवला. मार्चच्या गावसभेत सेंट रेमीवाल्यांनी हात वर करून करारच मोडला. वाढीव दर द्यायला हात वर केला तो एकट्या मामानं.

त्याच शनिवारी शेजारीण लोरेट गाडीभर बाटल्या घेऊन आली. मामा फाटकात आडवा उभा.

"लोरेट, आता नाही गं घेता येत. आपलं गाव बाहेर पडलंय."

"अरे मेल्या, तुझ्या आईच्या आजारपणात सूप कोण आणत होतं रे? मलाच अडवतोस?"

"माझ्यासुद्धा घरीच ठेवल्यात."

"मग माझ्याही ठेव!" पेट्या तिथंच उतरवून ती निघून गेली.

मामानं त्या खरंच घरी नेल्या. हिरव्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या करून कोठारात रचल्या. म्हणायचा, "गावं एक होतील तेव्हा नेऊ की." मग सगळं गावच त्याच्या दारात आणून टाकायला लागलं. दर मार्चला तो सभेत उठायचा, करार करा म्हणायचा. लोक हसायचे. "बस खाली, बाटलीवाल्या!"

अशी सात वर्षं गेली. या जानेवारीत मामाही गेला. यंदाच्या सभेत कराराचं नाव कुणी काढलं नाही. आम्ही भाचरांनी ट्रक बोलावला आणि त्यानं रंगाप्रमाणे लावलेलं सगळं कचऱ्याच्या ढिगावर एकत्र ओतलं. दुसरं करणार तरी काय होतो?