काळा डबा

पंपावर पेट्रोल भरताना वास आला की मला कळंबचा एक म्हातारा फिटर आठवतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जुनी मोटार घेतली होती. तिच्या इंजिनाशेजारचा काळा डबा गावातल्या मेकॅनिकनं ‘बिनकामाचा हाय’ म्हणत काढून डिकीत टाकला, आणि तेव्हापासून गाडीत पेट्रोलचा वास कोंडायला लागला. दिवस भरलेल्या बायकोला घेऊन वरकुट्याहून बारामतीच्या दवाखान्यात निघालो, तर कळंबपर्यंतच ती उलट्यांनी गळून गेली. घाबरून रस्त्याकडेच्या गॅरेजात गाडी घातली. कारखान्यातून रिटायर झालेल्या त्या फिटरनं बॉनेट उघडलं, मोकळी नळी पाहिली आणि विचारलं, “हितला डबा कुठं हाय?” मी तो आणून दिला. डबा धरून ठेवणारी जुनी पट्टी तुटली होती, म्हणून त्यानं डबा दुसऱ्या बाजूला, इंजिनाच्या तापापासून लांब बसवला आणि नळ्या जोडल्या. “ह्यात कोळसा हाय, सायेब. टाकीतली वाफ त्यो धरून ठिवतो, आन गाडी पळाया लागली की इंजिनाला जाळाया देतो.” “नुसता कोळसा?” बायकोनं आतून क्षीण आवाजात विचारलं. “व्हय पोरी, नुसता कोळसा.” आम्ही निघालो. वास विरत विरत पार नाहीसा झाला. मी पुन्हा पुन्हा श्वास ओढून पाहत होतो, आणि ती शांत झोपली होती. संध्याकाळी आमची लेक जन्मली. आता मी शाळेतून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झालोय. कोळसा वायू धरून ठेवतो, हे त्या प्रवासाआधीही मी कितीतरी वर्गांत फळ्यावर लिहिलं होतं. खरं वाटलं ते त्या दिवशी.