बजरंगच्या वहीतली विजयमाला

शिरूर कासारच्या स्टँडसमोर बजरंगचं ऑनलाइन सेंटर आहे. आत तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि खिळ्याला सुतळीनं टांगलेली एक लांबडी वही. त्या वहीत निम्म्या तालुक्याचे पासवर्ड आहेत. कुणी फॉर्म भरायला आलं की बजरंग बोटाला थुंकी लावून पान उलटतो आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा पासवर्ड वाचतो. ज्याचा पासवर्ड तो मान डोलावतो, बाकीचे चहा पीत ऐकतात. कोपरे काळे पडलेल्या त्या वहीची मला किळस येते. त्याहून जास्त किळस याची येते, की ती वही माझ्यामुळे सुरू झाली.

मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. एका साली दहावीच्या वर्गाचे शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते आणि प्रत्येकाला ई-मेल पाहिजे होता, मेलला मोबाईल नंबर पाहिजे होता. निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. कुणाचा नंबर बंद, कुणाचा दर हंगामाला नवा. डोक्याला ताप नको म्हणून मी अडतीस नावांची यादी बजरंगपुढं टाकली आणि म्हणालो, "सगळ्यांचे तूच काढ, नंबर तुझाच टाक." एका दुपारी अडतीस मेल निघाले. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. नंतर तालुक्यातल्या बाकी शाळांनीही माझाच कित्ता गिरवला.

त्या यादीत एकविसावी विजयमाला होती. राधाकिशन नावाच्या ऊसतोड मजुराची थोरली मुलगी. कमी बोलणारी, पण चुकीचं उत्तर फळ्यावर दिसलं की अस्वस्थ होणारी, मग ते मी लिहिलेलं का असेना. बी.एस्सी. झाल्यावर ती इलियासभाईंच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली. तिथंच भंगारातले तुकडे जोडून तिनं स्वतःचा लॅपटॉप उभा केला.

माझ्या डोळ्यांना काचबिंदू झाला तेव्हा तीच माझ्या मदतीला आली. ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम तिनं माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. तो फुकट मिळतो. जगभरची माणसं तो मिळून लिहितात, आणि ज्याला जमतं त्याला तो आतून उघडून दुरुस्त करता येतो. पण त्याची मराठी ऐकून मला वीट यायचा. जोडाक्षर आलं की तो अडखळायचा, आकडे इंग्रजीत बोलायचा. मी शिव्या घालायचो, ती टिपून घ्यायची. महिनाभरानं तिनं पहिली दुरुस्ती लिहून त्या लोकांकडं पाठवली आणि त्यांनी ती घेतली. तीन वर्षांत अशा दीडशेवर दुरुस्त्या झाल्या. सगळ्या दहावीतल्या त्याच मेलवरून. दुसरा काढायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या माघात तिला पत्र आलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या प्रकल्पाच्या लोकांनी तिला कायम डेव्हलपर म्हणून घ्यायचं ठरवलं होतं. दुसऱ्याचं काम तपासून आत घ्यायचा किंवा परत पाठवायचा अधिकार, आणि प्रकल्पाच्या नावाचा स्वतःचा ई-मेल पत्ता. पगार नाही. तिनं ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. अट एकच. ज्या मेलवरून आजवर काम पाठवलं, त्याला आधी दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्डबरोबर तुमच्या मोबाईलवर येणारा आकडा, ओटीपी, हाही लागेल, आणि मग त्याच मेलवरून आठ दिवसांत होकार कळवा.

ती कुलूप लावायला गेली तर मेलनं आकडा पाठवला बजरंगच्या मोबाईलवर.

ती सेंटरवर गेली. बजरंगनं तिला दीड तास बाकावर बसवलं. मग म्हणाला, "आकडा देतो की. पण तू एवढी मोठी झाली, सेंटरचं काय नाव? आमी एक फ्लेक्स लावू. तुझा फोटो, शेजारी माझा. मार्गदर्शक म्हणून."

"तुमी मला काय शिकवलं?" तिनं विचारलं.

"मेल कुणी काढून दिला मग?"

ती उठून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या लॅपटॉपवर तो मेल उघडेचना. बजरंगनं आपल्या नंबरावर आकडा मागवून पासवर्डच बदलला होता. विचारलं तर म्हणाला, सुरक्षेसाठी केलं. वही मागं खिळ्याला लटकतच होती.

सहावा दिवस उजाडला तरी ती पुन्हा सेंटरकडं फिरकली नाही. मला राहवलं नाही. तिला न विचारता मी बजरंगकडं गेलो आणि म्हणालो, "लाव बाबा तुझा फ्लेक्स, पण पोरीचा मेल दे." वडीलकीच्या नात्यानं आपण फार शहाणपण केलं असं मला वाटत होतं. मास्तर लोकांना असं फार वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला. तिचा दहावीच्या फॉर्मवरचा फोटो, दोन वेण्यांचा. शेजारी गॉगल घातलेला बजरंग, तिच्या दुप्पट. वर सात पुढारी हात जोडून, आणि खाली, मला दिसेना म्हणून तिनंच मला वाचून दाखवलं, तिचा मेलचा पत्ता ठळक अक्षरात. ती माझ्यावर ओरडली नाही. "सर, तुमी मला विचारलं कावून न्हाई?" एवढंच म्हणाली.

आम्ही दोघं सेंटरमध्ये गेलो. बजरंगनं वही काढली, थुंकी लावली आणि तिचा नवा पासवर्ड पाच गिऱ्हाइकांदेखत मोठ्यानं वाचला. मोबाईलवर आलेला आकडाही तसाच. तिनं तिथंच मेल उघडला आणि "हे कुणी पाठवलं?" म्हणाली. मी विचारलं, काय झालं. तिनं पडद्यावरचं मराठीत करून वाचलं. तिच्या नावानं, तिच्या मेलवरून, त्या लोकांना एक पत्र गेलेलं होतं. माझे मार्गदर्शक श्री. बजरंग यांनाही डेव्हलपर करून घ्यावे, ही विनंती. खाली सेंटरचा पत्ता आणि वेळ.

"त्यात काय वाईट हाय?" बजरंग म्हणाला. "दोघंबी झालो असतो." त्याला खरंच कळत नव्हतं. लबाड माणसाचा राग येतो, तो निवतोही. पण आपण काही केलंय हेच ज्याच्या गावी नाही, त्याची नुसती शिसारी येते आणि ती जात नाही.

तरी मला वाटलं, संपलं. एक दिवस हातात आहे, कुलूप लाव, होकार पाठव, मोकळी हो. मी तिला तसं म्हणालोही. बजरंगच्या पत्राचं काय, चुकून गेलं म्हण.

"न्हाई सर," ती म्हणाली. "हा मेल माझा न्हाईच. आठ वर्षं झाली, ह्या बजरंगला कवाबी उघडता येत व्हता. त्यांच्या प्रोग्रॅमवर आंधळी माणसं बँकेचं काम करत्यात. उद्या माझ्या नावानं ह्यानं काय आत घातलं तर?"

तिनं त्याच दुपारी त्या लोकांना लिहिलं. आजवरच्या दुरुस्त्या माझ्या आहेत, एकेक पुन्हा तपासून घ्या. शेवटचं पत्र माझं नाही. यापुढं या पत्त्यावरून काहीही आलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. मी नवा पत्ता काढते आहे, माझी ओळख पहिल्यापासून तपासा. उत्तर आलं, की निवड थांबवली आहे. मी तिच्यावर चिडलो. हातातोंडाशी आलेला घास तिनं खाली ठेवला असंच मला वाटत होतं.

तिनं आधार कार्ड दाखवून स्वतःच्या नावाचं सिम घेतलं. घरात तोवर बाईमाणसाच्या नावावर एकही नव्हतं. त्या नंबरावर नवा मेल काढला. मग दोन महिने ते लोक तिच्या दुरुस्त्या एकेक करून तपासत राहिले, दोनदा व्हिडिओवर बोलले, ही ओळ अशी का लिहिली म्हणून खोदखोदून विचारलं. वैशाखात तिला प्रकल्पाचा पत्ता मिळाला. फ्लेक्स तोवर उन्हानं विटला होता. सात पुढारी अजून हात जोडून होते.

त्यानंतर एका सकाळी मी तिला घरी बोलावलं. माझ्या पेन्शनच्या मेललाही बजरंगचाच नंबर होता. हे तिला सांगताना मला माझीच लाज वाटली. बजरंगकडून शेवटचा आकडा घेऊन तिनं माझा नंबर घातला आणि खुर्ची मला दिली. नवा पासवर्ड टाकायचा होता. मला अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून मी सवयीनं म्हणालो, "मी सांगतो, तू टाईप कर. लिहून घे, पहिलं अर्जुन, मग..."

"सर, सांगू नका," ती मध्येच म्हणाली. "मलाबी न्हाई."

ती उठली आणि माझ्याकडं पाठ करून दारात उभी राहिली. मी एकेक बटण चाचपडत राहिलो. पासवर्ड दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिचा प्रोग्रॅम दर अक्षराला फक्त 'ठिपका' म्हणत होता. दोनदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. वीस मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. अडतीस पोरांना मी दहावीला जे शिकवलं, त्यात हे कुठंच नव्हतं.