फाटकापर्यंत

आमच्या ह्यांना एक खोड. घरी आलेला माणूस निघाला की त्याला खाली फाटकापर्यंत सोडायला जायचं म्हणजे जायचंच. कोरोनात ऑक्सिजनवर राहून घरी आले, पण खोड काही दवाखान्यात राहिली नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, खुर्चीतून उठा-बसा, घरातल्या घरात चाला, दम लागला की थांबा. जिना मात्र त्या सांगेपर्यंत नाही. आणि बोटावरच्या ऑक्सिजन मोजायच्या मशीनचा आकडा नव्वदच्या खाली जाऊन वर आला नाही, तर परत भरती. त्या भरतीची मला लई धास्ती. ह्यांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस घरी आलाच नव्हता.

एका दुपारी ह्यांचे वाळूजच्या कंपनीतले एक जुने दोस्त आले. दोघांनी सगळी नोकरी एकाच पाळीत काढलेली. चहा पिताना मी त्यांना ह्यांचे सगळे व्यायाम सांगितले, ओठांचा चंबू करून श्वास सोडायचा तोसुद्धा. मग "चलो, इजाजत दो," म्हणून ते उठले. मी कप विसळायला आत गेले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी.

जिन्यात डोकावले. हे मधल्या वळणावर कठडा धरून बसलेले. ओठ काळसर, तोंडातून शब्द फुटेना. दोस्त खालून धावत वर आले. मी मशीन लावलं. नव्वदच्या खाली.

"रिक्षा बोलवते," मी म्हटलं.

"भाभी, जरा रुको." ते ह्यांच्याजवळ पायरीवर टेकले. "बोलू नको. चाय ठंडी करतो तशी फुंक मार. कॅन्टीनमधी मारायचास ना, माझ्या बशीतली पण निवायची."

ह्यांनी फुंकर घातली. पुन्हा घातली. आकडा हलेना. मग जरा चढला, परत उतरला. मी हातात फोन धरून उभी. लई वेळानं तो नव्वदच्या वर गेला आणि तिथं टिकला.

धरून धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं. दोस्त दाराकडं वळले, तर ह्यांचे हात लगेच खुर्चीच्या दांड्यांवर, उठायला.

"उठलास तर मी जातच नाय," दोस्त परत येऊन बसले. "भाभी, रात का खाना भी यहीं."

"पण तुला असं बसूनच निरोप..."

"चूप. श्वास घे."

ह्यांचा डोळा लागेपर्यंत ते बसले. मग चपला हातात घेऊन, मला नुसती मान हलवून जिना उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते इजाजत न घेता गेले. मी आवाज न करता दार लावलं, आणि ह्यांच्या बोटाला परत एकदा मशीन लावून बघितलं.