चिझुरू मावशीची वरात

चिझुरू मिझोबाता माझ्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहते. वय त्रेसष्ट. आमची सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. नवरा आहे, पण इथे नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं डोंगरात जाऊन कुट्टू पिकवायचं ठरवलं. मावशी म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येते. तिचं आवरणं अजून चाललंय. तो दर नव्या वर्षाला कुट्टूच्या शेवया पाठवतो, ती त्याला लोकरी मोजे पाठवते, आणि दोघांचं उत्तम चाललंय.

तरुणपणी ती सहलीच्या बसमध्ये गाइड होती. पांढरे हातमोजे, निळी टोपी. ड्रायव्हरशेजारी उभं राहायचं, तोंड प्रवाशांकडे आणि पाठ रस्त्याकडे. अर्धं आयुष्य तिनं असं काढलं. ती म्हणायची, ओसाका मी उलटंच पाहिलंय, तुमच्यासमोर जे येतं ते मला निघून जाताना दिसायचं. मग ती बस कंपनी बंद पडली आणि मावशी एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत बांगडा माशांची खवलं काढायला लागली. तिथे तिचं तोंड भिंतीकडे असायचं.

त्याच सुमारास इकुशिमा नावाच्या एका पोरगेल्या माणसानं आमच्या कोपऱ्यावर गो-कार्टचं दुकान टाकलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसायच्या त्या चिमुकल्या गाड्या. परदेशी पाहुणे गाय, बेडूक, केळं असे पोशाख चढवून त्यांत बसतात, गाइड पुढे निघतो, आणि ही वरात भर रहदारीतून नाम्बापासून थेट त्सुतेनकाकुच्या मनोऱ्यापर्यंत फिरून येते. पोशाख धुवायला माझ्याकडे यायचे. इकुशिमाचा गाइड पळून गेला, तेव्हा तो माझ्याच दुकानात बसून रडगाणं गात होता आणि मावशी आपला कोट न्यायला खाली आली होती.

ती म्हणाली, मी करते. इकुशिमानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "मावशी, इंग्रजी येतं?"

"माझ्या इंग्रजीवाचून ती माणसं एवढा समुद्र ओलांडून इथवर पोचली ना?" मावशी म्हणाली. "मग पुढचे चार चौकही जातील."

पहिल्या दिवशी तिनं सगळ्या पाहुण्यांना शाळेतल्यासारखं एका रांगेत उभं केलं. मूठ वर म्हणजे थांबा, एक बोट म्हणजे एकामागे एक, दोन बोटं म्हणजे जोडीनं. खाणाखुणा बिनचूक येईपर्यंत कुणाला गाडीत बसू दिलं नाही. चिलीहून आलेला एक दाढीवाला धिप्पाड गडी केळ्याच्या पोशाखात मूठ वर करायला पुन्हा पुन्हा विसरत होता. त्याला तिनं बाजूला घेतलं आणि त्याची मूठ स्वतःच्या हातानं वळून दाखवली. इकुशिमाला वाटलं, आता हा पैसे परत मागणार. उलट त्या गड्यानं परत आल्यावर तिच्यासोबत फोटो काढला, मूठ वर करून.

त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. चेहऱ्यावर हेल्मेटचा वळ होता. मी बार्लीचा थंड चहा पुढे केला.

"लाँड्रीवाले," ती म्हणाली, "शहर समोरून येतं हो अंगावर."

नंतर चहा पिऊन निघून गेली.

आता ओकिमोतोंबद्दल सांगायला हवं. ते आमच्या मोहल्ला समितीचे अध्यक्ष. पलीकडच्या कोपऱ्यावर त्यांचं कोंबूचं दुकान आहे, आजोबांच्या वेळचं. कोंबू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ. त्याच्या पाण्याशिवाय आमच्याकडे सूप होत नाही, आणि ओकिमोतोंशिवाय सभा होत नाही. ताठ कणा, बारीक मिशी, आणि खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही, अगदी सोयीचं असलं तरी. त्यांच्या दुकानासमोरच मोठ्या रस्त्याचा सिग्नल आहे. वरात तिथे हटकून अडकायची. ओकिमोतोंनी आवाज मोजायचं एक यंत्र आणलं आणि रोज दुपारी ते हातात धरून दारात उभे राहू लागले. न बोलता. देवळाबाहेरच्या दगडी सिंहासारखे.

इकुशिमा घाबरला, रस्ता बदलू या म्हणाला. मावशी म्हणाली, रस्ता बदलायचा नाही, आपण माणूस बदलू.

तिनं काय केलं, तर निघायच्या आधी पाहुण्यांना एक जपानी वाक्य पाठ करून घ्यायला लागली. त्यांना वाटायचं, ही इथली शुभेच्छा असेल. सिग्नल लाल झाला, मावशीनं मूठ वर केली, वरात थांबली, की गाय, बेडूक, केळं, सगळे ओकिमोतोंकडे वळून वाकायचे आणि एका सुरात ओरडायचे, "ओकिमोतोसान, तुमच्यासारखा कोंबू अख्ख्या ओसाकात नाही!"

यंत्राचा काटा पार टोकाला जायचा. ओकिमोतोंच्या मिशीचा एक केसही हलायचा नाही. पण कुणी वाकलं की आपण वाकायचं ही सवय हाडात मुरलेली, त्यामुळे मान आपोआप लवायची. मग स्वतःवरच चिडून ते आत जायचे. पुढे पुढे काही पाहुणे परत येऊन खरोखरच कोंबू विकत घ्यायला लागले, तेव्हा तर त्यांची फारच पंचाईत झाली.

शेवटी त्यांनी सभा बोलावली. नगरकचेरीतून एक तरुण बाई आल्या होत्या. ओकिमोतोंनी उभं राहून यंत्राचे आकडे सांगितले. आकडे मोठे होते. मागे बसलेल्या इकुशिमाचा चेहरा पांढरा पडला.

बाईंनी विचारलं, एवढा आवाज या छोट्या इंजिनांचा होतो का?

ओकिमोतो खोटं बोलले असते तर तिथेच जिंकले असते. पण ते म्हणाले, "इंजिनाचा नाही. लाल दिव्याला इंजिन शांत असतं. माणसांच्या ओरडण्याचा आहे."

"काय ओरडतात?"

सभागृहात सगळ्यांना ते वाक्य माहीत होतं. ओकिमोतोंनी छताकडे पाहिलं आणि एकेक शब्द नीट उच्चारत ते सगळं वाक्य म्हणून दाखवलं.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. जरा वेळानं त्यांनी अगदी कामकाजाच्या सुरात विचारलं, "आणि कोंबू तसा नाही का?"

"आहे," ओकिमोतो म्हणाले आणि खाली बसले.

त्यानंतर जो हशा झाला त्यात तक्रार कुठल्या कुठे वाहून गेली. मावशी तेवढी हसली नाही. ती अगदी साळसूदपणे मान खाली घालून बसली होती, आणि तेच ओकिमोतोंना सगळ्यात जास्त झोंबलं असणार.

पुढच्या सोमवारपासून यंत्र दिसेनासं झालं. त्याच्या जागी दुकानाबाहेर एक काळा फळा आला. त्यावर सुवाच्य अक्षरात दोन ओळी इंग्रजी. आम्हाला वाटलं, परदेशी गिऱ्हाइकांसाठी कोंबूची जाहिरात असेल. मावशी खुशीत होती. म्हणाली, बघा, म्हातारा शेवटी धंद्याला लागला.

आणि तेव्हापासून पाहुणे तिच्याशी फारच प्रेमानं वागायला लागले. सिग्नल सुटला की मागचा माणूस अंगठा वर करून तिला धीर द्यायचा. एका आजीबाईंनी तिचा हात हातात घेऊन थोपटला. कुणी चॉकलेट दिलं. एका जोडप्यानं तिला शहराचा नकाशा भेट दिला, वर कुठे काय आहे ते बोट ठेवून समजावलं. मावशी मला रोज येऊन सांगायची की हल्ली फार सुसंस्कृत लोक यायला लागलेत, पूर्वीसारखं राहिलं नाही. मी मान डोलवायचो. मला काय, इकुशिमालाही फळा कुठे वाचता येत होता?

एका दमट दुपारी मी ओकिमोतोंच्या मागच्या बोळात इस्त्रीचे शर्ट पोचवायला सायकलवर गेलो होतो. बोळ असा की समोरून मांजर आलं तर आपण भिंतीला चिकटायचं. पुढे बंद. तिथेच ओकिमोतोंची झोपायची खोली आहे, आणि त्या वेळी ते वामकुक्षी घेत होते. एवढ्यात घरघर ऐकू आली. बोळाच्या तोंडातून एक कार्ट आत शिरली. तिच्यात एक भलीमोठी गाय बसली होती, एका हातात फोन. तिच्यामागे बेडूक, बेडकामागे केळं, मागे अख्खी वरात. आणि सगळ्यांच्या मागे, उलट्या जागी, हात हलवत ओरडणारी मावशी. मी शर्टांसकट एका दारात घुसलो.

गाय भिंतीपाशी थांबली. मग सगळेच थांबले. आमच्या कार्टांना मागे जायचा गिअर नाही आणि त्या बोळात वळायला जागा नाही.

खिडकी उघडली. बनियन आणि गुडघ्यापर्यंतची पातळ विजार अशा अवतारात ओकिमोतो खाली आले. गायीनं हेल्मेट काढलं. आतून नॉर्वेचा एक पिकल्या केसांचा गृहस्थ निघाला, घामानं निथळत. त्यानं मावशीकडे बोट दाखवलं, रस्त्याकडच्या फळ्याच्या दिशेनं बोट दाखवलं, छातीवर हात ठेवला आणि काकुळतीनं बरंच काही बोलला. आणि ओकिमोतोंनी, ज्यांच्या तोंडून आम्ही जन्मात एक इंग्रजी शब्द ऐकला नव्हता, त्याला न अडखळता इंग्रजीत उत्तर दिलं. तेव्हा आम्हाला कळलं की हे गृहस्थ जवानीत मालवाहू जहाजावर बिनतारी यंत्र चालवायचे.

मावशी पुढे आली. "काय म्हणतोय तो?"

"उकडतंय म्हणतोय," ओकिमोतो म्हणाले. तोंडानं बोललेलं आयुष्यातलं पहिलंच खोटं असावं, कारण कान लाल झाले.

"एवढं लांबलचक बोलला, आणि नुसतं उकडतंय?"

ओकिमोतोंनी पाय जुळवले. बनियनवर असूनही सभेत उभं राहावं तसे उभे राहिले. "फळ्यावर लिहिलंय की पुढे चाललेल्या बाईंना रस्ता माहीत नाही, त्यांना सांभाळून घ्या. हे सद्गृहस्थ सांभाळून घ्यायला पुढे गेले."

गाय, बेडूक, केळं, भाषा कळत नसूनही सगळे मावशीकडे बघायला लागले. मावशी शेवटच्या कार्टच्या बंपरवर बसली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. पण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आणि मी समजत होते, जग सुधारलं," ती म्हणाली.

मग उठली आणि कामाला लागली. एकेक गाडी ढकलून मागे काढायची होती. मावशी बोळाच्या तोंडाशी गेली आणि बसच्या दिवसांसारखी शिट्टीच्या तालावर हात हलवायला लागली. ये, ये, अजून ये, थांब. ढकलायला मी होतो, नॉर्वेवाले होते आणि बनियनमधले अध्यक्ष होते. भिंतीला नाक घासून एकच गाडी निघाली, ती ओकिमोतोंच्या हातची. मावशीनं सगळ्यांसमोर त्यांना झापलं. ते "हो, चुकलं" म्हणाले.

संध्याकाळी ती स्टुलावर बसली तेव्हा हसत नव्हती. म्हणाली, "मस्करी झकास होती, कुणीही कबूल करील. पण त्या आजीबाईंनी माझा हात थोपटला होता हो. मला वाटलं होतं, मी आवडले."

मी म्हणालो, कीव करायला कुणी चॉकलेट देत नाही. ती म्हणाली, देतात, कीव करायलाच देतात. आणि वर निघून गेली.

हे मी ओकिमोतोंच्या कानावर घालायला नको होतं, पण लाँड्रीत सगळं धुऊन निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. खारवलेल्या कोंबूचा एक पुडा, भातावर घालून खातात तो, माझ्या टेबलावर ठेवला आणि कुणासाठी ते न सांगता गेले. फळा गेलाच होता. पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच सुचवलं की वरातीला हरकत नाही, मात्र ओरडणं बंद. आणि आवाजाच्या तक्रारी ऐकायला समितीत एक जबाबदार व्यक्ती हवी, तर मिझोबाताबाईंनी ते पद घ्यावं. मावशीला नाही म्हणता येईना. तक्रार जिच्याविरुद्ध, ती ऐकायचीही तिनंच.

तिच्याकडे पहिली तक्रार मीच नेली. कारण असं की कुणी पुन्हा फळा लावलाच तर तो आपला आपल्याला वाचता यावा म्हणून बाईंनी इंग्रजीचा अभ्यास सुरू केला होता. रोज पहाटे, मोठ्यानं, माझ्या डोक्यावर. तिनं मला रीतसर बसवलं, चहा दिला, वाकून नमस्कार केला, आणि तक्रारीचा गंभीरपणे विचार केला जाईल म्हणाली. विचार करायला ती आणि अध्यक्ष असे दोघेच. निकाल त्याच आठवड्यात आला. वरच्या मजल्यावर आवाज होत असेल तर अभ्यास खालच्या मजल्यावर व्हावा.

तेव्हापासून दर बुधवारी, माझी सुट्टी असते तेव्हा, लाँड्रीत वर्ग भरतो. ओकिमोतो उभे, मावशी स्टुलावर. ते म्हणतात, उजवीकडे म्हणजे 'राइट'. ती म्हणते, 'लाइट'. आमच्या जपानी जिभेला र आणि ल एकच. ते टेबलावर बोटानं टकटक करतात, जहाजावर संदेश पाठवत असल्यासारखी. ती मुद्दाम पुन्हा 'लाइट' म्हणते. मुद्दाम, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण जिना चढताना ती अगदी स्वच्छ 'राइट, राइट' म्हणत असते. ओकिमोतोंना अजून ते कळलेलं नाही, आणि वर्ग लवकर संपावा असं त्यांनाही वाटत असेलसं दिसत नाही.