मे महिन्यातली इटली

शिकवताना किस्से साठत नाहीत, शिकायला बसलं की साठतात. तेही मे महिन्यात, पत्र्याखाली, डोळे अर्धे मिटलेले असताना! नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडचे आम्ही तीसेक शिक्षक दर उन्हाळी सुट्टीत एम.ए. करत होतो. वर्ग मुरबाडच्या एका शाळेत भरायचे. एक पेपर परदेशाच्या भाषेचा आणि संस्कृतीचा होता, त्यात आमच्या वाट्याला इटली आली.

*

शिकवायला कल्याणहून देसाई सर यायचे. ते स्वतः कधी इटलीला गेले नव्हते, पण डोळे मिटून सांगायला लागले की पंखे बंद पडल्याचंही कळायचं नाही. एकदा व्हेनिसच्या होडीत आम्ही असे रमलो, की शहापूरची एसटी निघून गेली.

स्टँडवर कंट्रोलरने विचारलं, "कुठं होते तुमी इतका टाइम?"

"पाण्यावर," आमचे पाटील गुरुजी म्हणाले.

खरं सांगतो, कुणालाच घरी जायची घाई वाटत नव्हती.

*

मुलांकडून म्हणून घ्यायची सवय आमच्या हाडात मुरलेली. पहिल्याच दिवशी सरांनी इटालियन नमस्कार सांगितला, आम्ही तो एका सुरात म्हटला. सर खूश झाले. "छान. आता बसा."

तीस शिक्षक एका सुरात म्हणाले, "छान. आता बसा."

सर बसले.

*

सापगावच्या गायकवाडबाई या पेपरच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. चौथीच्या वर्गात त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा, पण परीक्षकांसमोर खुर्चीत बसल्या की तो टेबलापलीकडेही जायचा नाही. आता तिसरी संधी, तीच शेवटची. त्यांच्या वस्तीत अजून कुणी एम.ए. नव्हतं. मजुरी करून मुलीला शिकवणाऱ्या वडिलांनी पदवीच्या फ्रेमसाठी पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. त्यावर ते कॅलेंडरही लावू देत नसत.

"खिळा गंजला गो," ते म्हणायचे, "पन मी काढनार नाय."

हे सांगताना बाईंचे डोळे भरून यायचे.

*

सराव म्हणून बाई रोज संध्याकाळी नदीकाठी म्हशींना व्हेनिस समजावून सांगायच्या. म्हशी पाण्यात बसून ऐकायच्या.

"त्यांना पटतं," बाई म्हणायच्या, "त्या राहतातच तशा."

*

परीक्षेच्या दिवशी खोलीचं दार उघडं होतं. आम्ही व्हरांड्यात जीव मुठीत धरून उभे. मुंबईहून आलेले परीक्षक म्हणाले, "व्हेनिसमधलं रोजचं जगणं सांगा."

  बाई खुर्चीतून उठल्या, खडू घेतला आणि फळ्याकडे वळल्या. मागे परीक्षकांनी कागद चाळले, त्याचा आवाज झाला.

बाई मागे न बघताच म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

व्हरांड्यात आम्हीसुद्धा घडी घातली.

फळ्यावर कालवे आले, पूल आले, दाराशी बांधलेली होडी आली. भाजीची होडी, टपालाची होडी. बाई बोलत राहिल्या आणि मुरबाडच्या त्या उन्हात आम्हाला गार वारा लागला. सांगून झालं, तसा बाईंनी खडू ठेवला, वळल्या, आणि कुणासमोर उभ्या आहोत ते आठवून पांढऱ्याफटक पडल्या.

परीक्षकांनी तोंडावरचं बोट काढलं, कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली आणि उभे राहिले.

"बाई, पाणी पिऊन येऊ?"