सिल्वासा: मागचं दार

सिल्वाशाला फिरायला जावं असं कधी मनात आलं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून डिसेंबरात गेले. गलोंड्याकडच्या एका कारखान्यात आग लागली, त्यात प्रकाश गेला.

नाशिकहून पेठमार्गे जा. घाट वळणांचा आहे, सकाळीच उतरलेला बरा. पुढे गुजरातेत नानापोंढ्याच्या आसपास हिवाळ्यात रस्त्याकडेला उंबाडियू मिळतं: मडक्यात, भोवती पाला पेटवून भाजलेले कंद आणि वालपापडी. एका वाट्यात दोघांचं भागतं. मी एकटी होते. अर्धं सुमनसाठी बांधून घेतलं.

सुमन सिल्वाशातल्या आमलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत दारालगतच गॅस. आतल्या खोलीला मागचं दार आहे, ते मागच्या जिन्यावर उघडतं. त्या दारापुढे कपाट लावलेलं. कपाटाला टेकून गादी. रातपाळी करून आलेली कोमल, सुमनची मुलगी, दिवसा तिथे झोपते.

श्राद्ध आटोपलं. चहा घेताना मी कोमलला विचारलं, "तुमच्या कंपनीत आगीबिगीचं काही शिकवतात का गं?"

"ड्रिल होतं ना, मावशी. सायरन वाजला की सगळे बाहेर, मग समोसा. आमची लाइन समोशासाठीच पळते. सुपरवायझर ओरडतो, अरे पहले गिनती, फिर नाश्ता!"

ती हसली. मीही हसले. मग म्हणाले, "आणि इथे? उद्या गॅसने पेट घेतला तर आतून तू..."

"ताई!" सुमनने कप खाली ठेवला. "शुभ बोल गं. वास्तू तथास्तु म्हणते."

"अगं, मी नुसतं कपाटाचं..."

"हेही असंच बोलले होते. इथंच, जेवताना. एक दिवस आपली होळी होईल त्या कारखान्यात, म्हणे. मी हसले. पापड वाढला."

कोमल उठून कप विसळायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमणगंगेच्या काठाने चालून आले. तिथे सकाळी शांत असतं. खानवेलकडचं जंगल पाहायचं तर अर्धा दिवस ठेवा. मी गेले नाही. कोमल अजून पाळीवरून यायची होती. सुमन तांदूळ निवडत होती.

"कपाटामागे जळमटं झालीत," मी म्हणाले. "झाडून घेऊ या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ताट बाजूला सारलं, पदर खोचला.

"धर तिकडून."

कपाट फरशीवर खरवडत सरकलं. कडी गंजली होती. सुमनने तिच्यावर खोबरेल सोडलं, मग बत्त्याने ठोकली. दार उघडलं. जिन्यावर ऊन पडलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहून खाली बघत राहिली. मग तिने खरंच झाडलं.

कपाट परत सरकवायला मी हात लावला.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पोरीला वारा लागेल."

उन्हाळा खूप लांब होता.

घरी परतले. आमच्या गॅलरीच्या जाळीला कुलूप आहे. किल्ली कुठे असते, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शोधून काढली आणि कुलपाशेजारी खिळ्याला अडकवली.

"इथे कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"बाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायला."

वास्तूने ऐकलं असेल, तर तेवढंच ऐकलं.